जावातली स्ट्रिंग, स्ट्रिंगबिल्डर आणि मराठी मजकूर : पायरीपायरीने

सोसायटीच्या गणेशोत्सवाची वर्गणी यादी करायला मी जावात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. घर क्रमांक, नाव, मूळ गाव, रक्कम, एवढंच. यादीत 'कऱ्हाड' हे गाव डोळ्यांना सात ठिकाणी दिसत होतं, पण शोध घेतला की प्रोग्रॅमला ते तीनच ठिकाणी सापडायचं. शोधाचा कोड मी उलटासुलटा तपासला, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. कोड बरोबर होता. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ, ही माझी समजूत चुकीची होती. स्ट्रिंग ही संकेतांकांची माळ असते; संकेतांक म्हणजे प्रत्येक चिन्हाला संगणकात ठरवून दिलेला आकडा. इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एक संकेतांक, त्यामुळे हा फरक कधी जाणवतच नाही. मराठीत तो पहिल्याच ओळीत आडवा येतो.

म्हणून स्ट्रिंग आणि बफर (मजकूर जुळवायची, बदलता येणारी जागा) शिकताना उदाहरणंही मराठीच घ्यावीत असं माझं मत आहे. खाली तीच वर्गणी यादी धरून चालू. क्लास आणि मेथडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; एडिटरमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची, आणि कोडमधले आकडेही रोमनच. व्हेरिएबलची नावं मात्र खरोखर देवनागरीत दिली तरी जावाला चालतात.

पायरी १ : स्ट्रिंग बदलत नाही, हे आधी पक्कं करा

जावातली स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. तिच्यावर चालवलेली प्रत्येक मेथड नवी स्ट्रिंग देते, जुनी जागच्या जागी तशीच राहते. नवशिक्यांच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथलीच आहे:

नाव.स्ट्रिप();

ही ओळ चालते, एररही येत नाही, आणि नावाच्या मागचीपुढची मोकळी जागा होती तशीच राहते. मेथडने दिलेली नवी स्ट्रिंग कोणी हातात घेतलीच नाही. लिहायला हवं होतं ते असं:

नाव = नाव.स्ट्रिप();

रिप्लेस, सबस्ट्रिंग, कॉनकॅट या सगळ्यांचं असंच. स्ट्रिंगवर मेथड लावली आणि डाव्या बाजूला काही घेतलं नाही, तर ती ओळ बहुतेक वेळा वायाच गेलेली असते.

ही सक्ती कशासाठी? कोडमध्ये एकच शब्द दहा ठिकाणी लिहिला तरी जावा त्याची एकच प्रत स्ट्रिंग पूल नावाच्या सामायिक साठ्यात ठेवते. ती कोणालाही बदलता आली असती, तर एका जागचा बदल बाकीच्या नऊ जागी उमटला असता. दुसरं, स्ट्रिंग आपला हॅशकोड, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, एकदा काढून जवळ ठेवते. हॅशमॅपमध्ये (की देऊन नोंद शोधायच्या कोष्टकात) गावाचं नाव की म्हणून बिनधास्त वापरता येतं ते त्यामुळेच. तिसरं, न बदलणारी वस्तू कितीही थ्रेडनी (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांनी) एकाच वेळी वाचली तरी कुलूप लावायची गरज पडत नाही.

पायरी २ : तुलना नेहमी इक्वल्सने

दोन बरोबरीची चिन्हं लावून तुलना केली, तर दोन्ही व्हेरिएबल एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का, एवढंच कळतं. मजकूर सारखा आहे का, हे इक्वल्स मेथड सांगते.

हे पाठ असूनही चूक होते, कारण चाचणीत ती लपते. चाचणी करताना आपण 'कऱ्हाड' हा शब्द कोडमध्येच दोनदा लिहितो. दोन्ही पूलमधली तीच प्रत असते, म्हणून उत्तर 'खरं' येतं. प्रत्यक्षात गावाचं नाव फाइलमधून वाचलेलं असतं, ती वस्तू वेगळी, आणि तीच तुलना 'खोटं' म्हणते. इंटर्न मेथडने स्ट्रिंग पूलमध्ये टाकून दोन चिन्हांची तुलना चालवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका, पुढे कोणीतरी एक इंटर्न विसरतोच.

गावाचा रकाना रिकामा म्हणजे नल असू शकत असेल, तर ऑब्जेक्ट्स क्लासमधली इक्वल्स वापरा. ती नल आला तरी कोसळत नाही.

पायरी ३ : लूपमध्ये अधिक चिन्ह का नको

यादीचा मजकूर तयार करायचा आहे. साधा विचार असा की रिकामी स्ट्रिंग घ्यायची, लूप फिरवायचा आणि प्रत्येक फेरीत अधिक-बरोबर लावून एक ओळ जोडायची.

स्ट्रिंग बदलत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत आतापर्यंतचा सगळा मजकूर नव्या जागी उतरवला जातो आणि त्यापुढे नवी ओळ येते. आकडे मांडून पाहा. ५० कॅरेक्टरच्या १०,००० ओळी आहेत. पहिल्या फेरीत ५० कॅरेक्टर लिहिले जातात, दुसऱ्या फेरीत १००, तिसऱ्या फेरीत १५०, असं करत शेवटच्या फेरीत ५ लाख. एकूण बेरीज होते सुमारे २५० कोटी. हातात येणारा मजकूर मात्र फक्त ५ लाखांचा. ओळी दुप्पट केल्या की काम चौपट होतं. शंभर घरांच्या सोसायटीत हे जाणवणार नाही. तोच कोड एखाद्या गावाच्या मतदार यादीवर चालवा, म्हणजे जाणवेल.

स्ट्रिंगबिल्डरने हेच काम सगळं धरून फार तर २० लाख कॅरेक्टर हलवून होतं.

याचा अर्थ अधिक चिन्ह वाईट आहे असा नाही. एकाच वाक्यात चार तुकडे जोडायचे असतील, तर अधिक चिन्हच वापरा. वाचायला सोपं असतं आणि जावा ते स्वतःच नीट हाताळते. पूर्वी कंपायलर अशा वाक्याच्या जागी स्वतः स्ट्रिंगबिल्डर घालून द्यायचा. जावा ९ पासून ही जोडणी कशी करायची हे प्रोग्रॅम चालताना ठरतं. पण दोन्ही वेळा ही हुशारी एका वाक्यापुरतीच असते. लूपच्या एका फेरीतून दुसऱ्या फेरीत काय वाढत चाललंय, हे कंपायलर आपल्यासाठी सुधारून देत नाही. म्हणून आपला नियम साधा: एका वाक्यात अधिक चिन्ह, लूपमध्ये बिल्डर.

पायरी ४ : स्ट्रिंगबिल्डर हाताळणं

स्ट्रिंग हा शिलालेख धरला, तर बिल्डर ही पाटी. तिच्यावर लिहा, पुसा, मध्ये घुसवा. सगळं झालं की शेवटी एकदा टूस्ट्रिंग बोलवून शिलालेख करून घ्या.

स्ट्रिंगबिल्डर यादी = न्यू स्ट्रिंगबिल्डर(५०००);
यादी.अपेंड(घर).अपेंड(टॅब).अपेंड(नाव).अपेंड(नवीओळ);

अपेंड तीच वस्तू परत देते, म्हणून अशी साखळी करता येते. कंसातला आकडा म्हणजे सुरुवातीची क्षमता, लांबी नव्हे. तो दिला नाही तर क्षमता १६ असते. जागा संपली की बिल्डर क्षमता दुप्पट अधिक दोन करतो: १६, ३४, ७०, १४२ असं, आणि जुना मजकूर नव्या जागेत उतरवतो. आपल्या ५ लाखांच्या यादीत हे पंधराएक वेळाच घडतं, त्यामुळे अंदाज देता आला तर द्या, नाही दिला तरी आभाळ कोसळत नाही.

क्षमतेवरून एक सापळा सांगतो, कारण तो चटकन लक्षात येत नाही. बिल्डर एका अक्षराने सुरू करायचा म्हणून कोणी न्यू स्ट्रिंगबिल्डर('क') असं एकेरी अवतरणात लिहिलं, तर बिल्डरमध्ये 'क' येत नाही. एकट्या कॅरेक्टरसाठी तिथे कन्स्ट्रक्टरच (वस्तू तयार करणारा कोड) नाही. जावा 'क'चं पूर्णांकात रूपांतर करते, त्याचा संकेतांक २३२५, आणि तुम्हाला २३२५ क्षमतेचा रिकामा बिल्डर मिळतो. एररही येत नाही. तसंच अपेंड('क' + 'ा') लिहिलं तर 'का' न येता ४६९१ हा आकडा येतो, कारण २३२५ आणि २३६६ यांची बेरीज होते. दोन्हीवर उपाय एकच: दुहेरी अवतरण.

आता दोन नावांमधला स्वल्पविराम. तो प्रत्येक नावापुढे टाकला की शेवटी एक जास्तीचा उरतो. काही जण 'पहिली फेरी आहे का' अशी अट घालतात, काही शेवटी सेटलेंग्थने लांबी दोनने कमी करतात. सेटलेंग्थचा मार्ग चालतो, पण यादी रिकामी असली की लांबी उणे होते आणि एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना येणारी एरर) येतं. जावा ८ पासून स्ट्रिंगजॉइनर आहे, आणि नावं आधीच लिस्टमध्ये असतील तर स्ट्रिंगची जॉइन मेथड आहे. जोडचिन्हांची काळजी ती घेतात. मी तरी आता हाताने करत नाही.

इन्सर्ट जपून वापरा. शून्याव्या जागी काही घुसवलं की पुढचा सगळा मजकूर सरकवावा लागतो. लूपमध्ये इन्सर्ट(०, ओळ) लिहिणं म्हणजे पायरी ३ मधलंच संकट मागच्या दाराने घरात घेणं.

तोच बिल्डर पुन्हा वापरायचा तर सेटलेंग्थ(०) करा. मजकूर जातो, मिळवलेली क्षमता राहते. आणि दोन बिल्डरची तुलना इक्वल्सने करू नका. बिल्डरमध्ये ती मजकूर पाहतच नाही, वस्तू तीच आहे का एवढंच पाहते. एका बाजूला स्ट्रिंग आणि दुसऱ्या बाजूला बिल्डर असेल, तर स्ट्रिंगची कंटेंटइक्वल्स मेथड कामाची.

स्ट्रिंगबफर मग कशासाठी?

स्ट्रिंगबफर १९९६ साली जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. स्ट्रिंगबिल्डर २००४ मध्ये जावा ५ बरोबर आला. दोघांच्या मेथड जवळजवळ त्याच. फरक एवढाच की बफरच्या मेथड सिंक्रोनाइज्ड आहेत, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत.

यावरून 'थ्रेड असतील तर बफर' असा नियम सांगितला जातो, आणि मुलाखतीतही हेच उत्तर दिलं जातं. मला तो अर्धवट वाटतो. कुलूप प्रत्येक अपेंडपुरतं असतं, साखळीपुरतं नाही. दोन थ्रेड एकाच बफरमध्ये घर, मग नाव लिहीत असतील, तर पहिल्याचं घर, दुसऱ्याचं घर, मग दोघांची नावं अशी सरमिसळ होऊ शकते. बफर आतून मोडत नाही, पण यादी चुकते. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा बिल्डर द्या आणि तयार झालेल्या स्ट्रिंग शेवटी एकत्र करा. जुन्या लायब्ररीला बफरच हवा असेल तेव्हाच तो घ्या.

पायरी ५ : लेंग्थ मोजते ते अक्षर नव्हे

'नमस्ते' या स्ट्रिंगची लांबी विचारा. उत्तर ६ येईल: न, म, स, हलन्त, त, एकमात्रा. आपण म्हणू तीन अक्षरं. 'विठ्ठल'ची लांबी ६, अक्षरं तीन. 'महाराष्ट्र'ची लांबी १०, अक्षरं चार. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना प्रत्येकी स्वतःचा संकेतांक आहे आणि जावा तेच मोजते. बहुतेक इमोजी तर एकटेच दोन कॅरेक्टरची जागा घेतात.

याचे परिणाम पाहा. 'पाणी' बिल्डरमध्ये टाकून रिव्हर्स केलं, तर 'णीपा' मिळत नाही. क्रम होतो वेलांटी, ण, काना, प. पडद्यावर सुरुवातीलाच निराधार वेलांटी आणि तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ. रिव्हर्स इमोजीच्या जोड्या सांभाळते, मात्रा सांभाळत नाही. पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द) ओळखण्याचा वर्गात शिकवला जाणारा कोड मराठी शब्दांवर चालत नाही, तो यामुळेच.

पावतीवर जागा कमी म्हणून नाव ७ कॅरेक्टरवर कापलं, तर 'महाराष्ट्र'चं 'महाराष्' होतं, पायमोडक्या ष सकट. फॉरमॅट मेथडला २० रुंदी देऊन रकाने जुळवायला जाल तर तेही तिरके होतात, कारण रुंदी संकेतांकांत मोजली जाते आणि मात्रा पडद्यावर वेगळी जागा व्यापत नाहीत. रकाने हवेत तर टॅब घालून स्प्रेडशीटमध्ये उघडा किंवा सरळ एचटीएमएल टेबल करा. मोकळ्या जागा मोजत बसू नका.

अक्षराअक्षराने चालायचं असेल तर ब्रेकइटरेटर हा क्लास आहे. गेटकॅरेक्टरइन्स्टन्सने तो घ्या, सेटटेक्स्टने शब्द द्या, मग फर्स्ट आणि पुढे नेक्स्ट बोलवत राहा. प्रत्येक वेळी पुढच्या अक्षराची सीमा मिळते. दोन सीमांमधली सबस्ट्रिंग म्हणजे एक अक्षर. शब्द उलटा करायचा तर लास्टपासून सुरू करून प्रीव्हियसने मागे या आणि मिळणारे तुकडे बिल्डरमध्ये अपेंड करत जा.

जोडाक्षर एकसंध राहील का, हे जावाच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. जावा २० मध्ये ब्रेकइटरेटरने युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना संकेतांक देणाऱ्या प्रमाणाचे) अक्षरगटांचे नियम स्वीकारले, आणि देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम खुद्द युनिकोडमध्येच १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. म्हणून 'स्ते' एका यंत्रावर एक अक्षर मोजलं जाईल, दुसऱ्यावर दोन. जिथे प्रोग्रॅम चालणार आहे, त्याच आवृत्तीवर 'महाराष्ट्र' तपासून घ्या.

पायरी ६ : 'कऱ्हाड' तीन तऱ्हांनी

आता माझा मूळ प्रश्न. ऱ्ह मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र टाइप करण्याच्या निदान तीन पद्धती प्रचारात आहेत. एकात ऱ हा स्वतंत्र संकेतांक, मग हलन्त. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), मग हलन्त. तिसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात 'कऱ्हाड'ची लांबी ६, उरलेल्या दोन्हींत ७. इक्वल्स त्यांना तीन वेगळे शब्द मानते, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच आहे. आमच्या यादीत नावं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कीबोर्डवरून भरली होती.

पहिल्या दोन प्रकारांवर उपाय जावातच आहे. नॉर्मलायझर हा क्लास एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणाऱ्या) पद्धतीने चालवला की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसरा प्रकार मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. जॉइनर असलेला क्रम युनिकोडच्या लेखी वेगळाच मजकूर आहे. तो आपणच रिप्लेसने बदलायचा: र, हलन्त, जॉइनर हे तीन संकेतांक सापडले की त्या जागी ऱ आणि हलन्त. जॉइनर एडिटरमध्ये दिसत नाही, म्हणून कोडमध्ये तो युनिकोड एस्केपने, २००डी या हेक्स अंकाने लिहा. नाहीतर पुढचा माणूस ती ओळ वाचून गोंधळेल.

असाच दुसरा जोड 'ॲ'चा आहे. 'ॲप' मधला ॲ स्वतंत्र संकेतांक असतो किंवा अ आणि त्यावर चंद्र असा दोन संकेतांकांचाही. दिसायला एकच. नॉर्मलायझर यांनाही एक करत नाही, तेव्हा इथेही रिप्लेस.

मग न दिसणाऱ्या जागा. वेबपेज किंवा वर्डमधून चिकटवलेल्या नावामागे नॉन-ब्रेकिंग स्पेस (तिथे ओळ तुटू न देणारी मोकळी जागा) येऊ शकते. ती ट्रिम काढत नाही, आणि जावा ११ मध्ये आलेली स्ट्रिपही काढत नाही. आधी रिप्लेसने तिची साधी स्पेस करा, मग स्ट्रिप.

हे सगळं एका मेथडमध्ये ठेवा. मी तिला शोधरूप म्हणतो. क्रम असा: नॉन-ब्रेकिंग स्पेस बदलणं, स्ट्रिप, नॉर्मलायझर, मग ऱ आणि ॲ यांचे रिप्लेस. साठवायचं ते माणसाने लिहिलेलं मूळ नाव, तुलना करायची ती शोधरूपाची. झीरो विड्थची सगळी चिन्हं सरसकट उडवून मूळ नाव 'स्वच्छ' करण्याचा मोह टाळा. काही ठिकाणी ती लिहिणाऱ्याने जोडाक्षराचं रूप हवं तसं दिसावं म्हणून मुद्दाम घातलेली असतात, आणि माणसाचं नाव त्याने लिहिलं तसंच छापलं पाहिजे.

पायरी ७ : फाइल, बाइट आणि आकडे

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संकेतांक फाइलमध्ये बाइटच्या रूपात लिहायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. 'नमस्ते' १८ बाइटचं होतं. मेमरीत मात्र स्ट्रिंग त्यासाठी प्रत्येकी २ बाइट वापरते. जावा ९ पासून निव्वळ लॅटिन मजकूर १ बाइटमध्ये बसवला जातो, पण त्यात एक जरी देवनागरी चिन्ह आलं तरी ती पूर्ण स्ट्रिंग २ बाइटवर जाते.

फाइल ८१९२ बाइटच्या तुकड्यांनी वाचून प्रत्येक तुकड्याची वेगळी स्ट्रिंग करू नका. ८१९२ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे सीमेवर एखादं चिन्ह तुटतं आणि दोन्ही बाजूंना प्रश्नचिन्हाचे चौकोन उरतात. बाइटऐवजी रीडर वापरा, तुटलेलं चिन्ह तो सांभाळून घेतो. यूटीएफ-८ हे नाव वाचताना आणि लिहिताना स्पष्ट द्या. जावा १८ पासून तेच गृहीत धरलं जातं, पण जुन्या आवृत्तीवर विंडोजमध्ये दुसरंच काही गृहीत धरलं जाऊ शकतं. फाइलच्या अगदी पहिल्या नावाचीच तुलना फसत असेल, तर सुरुवातीला बीओएम हे अदृश्य चिन्ह आहे का पाहा. जावा ते आपणहून काढत नाही.

आणि वर्गणीची रक्कम. 'इंटीजर'ची पार्सइंट मेथड '५०१' हे देवनागरी अंक थेट वाचते आणि बरोबर संख्या देते. पण 'डबल'ची पार्सडबल '५०१.५०' वर एक्सेप्शन फेकते. रेग्युलर एक्सप्रेशनमधली (मजकुराचा नमुना तपासायच्या सूत्रातली) अंकांची खूणही देवनागरी अंक ओळखत नाही, त्यासाठी युनिकोड कॅरेक्टर क्लासचा फ्लॅग लावावा लागतो. त्यामुळे आधी रेग्युलर एक्सप्रेशनने 'हा आकडा आहे का' तपासून मगच पार्सइंट बोलवणारा कोड चांगली पावती परत पाठवतो. माझ्या यादीत रकमा पूर्ण रुपयांतच होत्या, म्हणून मी ती तपासणी काढून टाकली, थेट पार्सइंट ठेवली आणि चुकीचा आकडा आला तर एक्सेप्शन पकडलं.

शेवटी युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक भाग आपोआप तपासणारा कोड. त्यात 'कऱ्हाड' तिन्ही पद्धतींनी घाला, एस्केप वापरून, म्हणजे एडिटर त्यांना गुपचूप एक करणार नाही. 'ॲप' दोन्ही रूपांत. मागे नॉन-ब्रेकिंग स्पेस असलेलं एक नाव. रिकामी यादी. नल गाव. देवनागरी अंकांतली रक्कम. दुरुस्तीनंतर ही टेस्ट हिरवी झाली, यादी पुन्हा चालवली, आणि कऱ्हाडची सातही घरं सापडली.